गॅस भरायच्या आधी गळती शोध

धाकटा: दादा, आईच्या खोलीतला एसी कालपासून गारच करत नाही. मेकॅनिक येऊन गेला, म्हणे गॅस संपला, भरावा लागते. अडीच हजार सांगितले. उद्या बोलावू का?

ताई (वर्धा): आई कुठे झोपली काल? पारा ४५ च्या वर चाललाय, तिचं बीपी पाहून घे.

धाकटा: बाहेरच्या खोलीत कूलर लावून दिला. नव्या ताट्या टाकल्या आहेत, झोपली बरी.

दादा: उद्या भरू नको. मागच्या मे महिन्यातही भरला होता ना तुम्ही? मग तो गेला कुठे, हे आधी विचार त्याला.

काकाजी: काऊन रे, आमच्या गल्लीत तर सगळे दरसाल भरतात. चालून चालून संपत नाही का तो?

दादा: नाही काकाजी. तो पेट्रोलसारखा जळत नाही. तांब्याच्या बंद नळीत तोच गॅस फिरत राहतो. खोलीतली उष्णता उचलतो, बाहेर नेऊन सोडतो, परत आत येतो. आईचा फ्रीज आठवा. बारा वर्षं झाली, एकदा तरी गॅस भरला का त्यात? दोघांचं काम एकाच तत्त्वावर चालते. गॅस कमी झाला म्हणजे कुठंतरी गळतो आहे. गळती तशीच ठेवून भरला, तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच पैसे.

दुसरं म्हणजे, दुपारी कमी गार करतो म्हणून गॅस गेलाच असं समजू नको. एसीचा टन, म्हणजे गार करायची ताकद, ठरवताना बाहेर ३५ अंश धरलेले असतात. आपल्याकडं मे महिन्यात त्याहून दहा अंश जास्त असतात, वरून स्लॅब तापलेला. अशा वेळी दीड टनाचा एसीही दीड टनाचं काम देत नाही. म्हणून पहाटे पाच वाजता लावून बघ. तेव्हा नीट गार झाला तर बहुतेक गॅस ठीक आहे, मग जाळी आणि बाहेरचं युनिट धुवायचं. आताच जाळी काढून फोटो टाक.

धाकटा: काढली. पाहून वाईट वाटलं दादा. मळणीचा भुसा अन् कापसाचं लव, गोधडीसारखा थर बसला आहे. आईच्या खोलीत हीच हवा फिरत होती.

दादा: साध्या नळाच्या पाण्यानं धू, सावलीत वाळव. दर पंधरा दिवसांनी, मळणीच्या दिवसांत आठवड्याला. जाळी बुजली की आतल्या कॉइलवर, म्हणजे गॅसच्या वेटोळ्या नळीवर, बर्फ धरतो, तो वितळून पाणी भिंतीवर येते. बाहेरच्या युनिटला फवारणीचा पंप लावू नको, पत्रे वाकतात आणि पंपात औषधाचा अंश असतो. साधी पाइपची धार पुरे, ती पण मेन स्विच पाडून.

ताई (वर्धा): एसीसोबत कूलर पण लावला तर लवकर गार होईल का? शेजारची म्हणत होती.

दादा: नको. कूलर खोलीत पाण्याची वाफ सोडतो, एसीला तीच वाफ ओढून काढावी लागते. दोघं एकमेकांच्या विरुद्ध काम करतात. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर एकटाच छान चालते. पाऊस लागला आणि हवा दमट झाली की तो काही करू शकत नाही, तेव्हा एसी पाहिजे. आणि रिमोटवर १६ लावून लवकर गार होत नाही. २६ वर ठेवून पंखा हळू लावायचा, आईला तेवढं भरपूर.

दुसऱ्या दिवशी

धाकटा: पहाटे पाचला लावला. जाळी धुऊनही तसाच. म्हणजे गॅस खरंच कमी आहे.

दादा: मग गळती आहे. बाहेरचं युनिट गोठ्याच्या भिंतीवर आहे ना?

धाकटा: हो, बैलांच्या गव्हाणीच्या वर.

दादा: माझीही हीच चूक होती. गोमूत्र आणि शेणातून अमोनिया सुटते, ओलाव्यात तो तांब्याला खातो. दोन उन्हाळे मी गॅस भरत राहिलो, कुणी गळती शोधली नाही. तिसऱ्या वर्षी मीच साबणाचा फेस लावून बघितलं, कॉइलच्या कोपऱ्यावर बुडबुडे आले. तिथं तांबं हिरवट पडलं होतं. तुझ्या मेकॅनिकला सांग: आधी नायट्रोजन भरून गळती शोधायची, सांधायची, मग व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओलावा काढायचा. मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरायचा. किती ग्रॅम, ते बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेलं असते. पट्टीवर आर-३२ हे गॅसचं नाव असेल तर तो पेट घेऊ शकतो. काम चालू असताना जवळ विडी, चूल काही नको, काकाजी गोठ्यात बसतात त्यांनाही सांग.

काकाजी: मी दूर बसतो बापा.

धाकटा: सापडली! नळी जिथं युनिटला जोडते त्या पितळी नटापाशी फेस आला. नटाची कड हिरवी झाली होती. तेवढा तुकडा कापून नळीचं तोंड नव्यानं फुलवलं, नवा नट बसवला. पंप अर्धा तास चालला, मग काट्यावर मोजून भरला. आई आत झोपली आहे आता.

ताई (वर्धा): बरं झालं रे. दोन दिवस जीव लागत नव्हता.

दादा: आता युनिट गोठ्यावरून काढ. उत्तरेच्या भिंतीला घे, तिथं ऊनही कमी लागते.

धाकटा: पाइप किती फूट जास्त लागेल ते उद्या सकाळी मोजतो. सोयाबीन पेरायच्या आधी करून टाकतो.