मदत हवी आहे: मुलीच्या पोटदुखीचे निदान होत नाही

पिंपळपान:
माझी मुलगी बारा वर्षांची आहे. गेले काही महिने तिचे पोट वरचेवर दुखते. जेवायला बसली की चार घासांतच पोट भरल्यासारखे होते आणि मग ती पोटाशी उशी घट्ट धरून कुशीवर पडून राहते. रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळे नॉर्मल आहे. मूल रडत असताना 'काही नाही' हे उत्तर मला पटत नाही. एंडोस्कोपी करून घ्यावी का? कृपया लवकर सांगा.

शब्दवेडी:
नेमके कुठे दुखते? वजन घटले आहे का, उंची वाढायची थांबली आहे का, दुखण्यामुळे रात्री जाग येते का, शौचातून रक्त, हिरवट उलटी, वारंवार ताप किंवा सांधेदुखी आहे का? पोट रोज साफ होते का? हे कळल्याशिवाय एंडोस्कोपीबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

उनाडवारा:
इतकी चौकशी कशाला? जंताचे औषध द्या. आमच्या मुलाची पोटदुखी त्यानेच थांबली.

रानवाट:
जंत नव्हे, एच. पायलोरीची तपासणी करा. पोटातील व्रणांशी या जिवाणूचा संबंध दाखवणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळाले, तरी तो दुर्लक्षितच राहतो.

शब्दवेडी:
रानवाट, शोध मोठा आहे, पण इतर लक्षणे नसलेल्या अशा पोटदुखीत मुलांची ही तपासणी सरसकट करू नये, असे बालपचनविकारतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. जिवाणू सापडला तरी दुखणे त्याच्यामुळेच आहे, असे ठरत नाही.

निळीशाई:
प्रश्न मुलीचा आहे, तरीही मुलग्यांच्या पालकांसाठी लिहिते. वयात येणाऱ्या मुलाचे ओटीपोट अचानक जोरात दुखू लागले, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो आणि साधारण सहा तासांच्या आत उपचार व्हावे लागतात. मुले लाजून नेमकी जागा सांगत नाहीत.

पिंपळपान:
बेंबीच्या वर दुखते. वजन तेवढेच आहे, झोप लागते, बाकीचे काही नाही. शौचाला दोन-तीन दिवसांआड होते, पण ते लहानपणापासूनच तसे आहे. डोके दुखले की आयब्युप्रोफेन घेते, तेही बहुधा न जेवता.

शब्दवेडी:
मग आधी या दोन गोष्टी डॉक्टरांना सांगा. बद्धकोष्ठता हे मुलांच्या पोटदुखीचे अगदी नेहमीचे कारण आहे आणि आयब्युप्रोफेन जठराच्या अस्तराला त्रास देते. त्यानंतरही दुखणे राहिले, तर ते कार्यात्मक अपचन, म्हणजे तपासण्यांत दोष न दिसणारे अपचन, असू शकते: अशा पचनविकारांच्या निदानासाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या २०१६ च्या रोम निकषांनुसार असा त्रास महिन्यातून किमान चार दिवस, निदान दोन महिने असावा लागतो. यात जठराची संवेदनशीलता वाढलेली असते आणि जठर एरवी जाणवणारही नाही इतके ताणले गेले तरी दुखते. म्हणून अहवाल नॉर्मल असले तरी तिचे दुखणे खरेच असते आणि ती बहाणा करत नसते.

पिंपळपान:
तोवर शाळेत पाठवू की घरी ठेवू?

शब्दवेडी:
झेपेल तितके पाठवा. घरी राहिल्याने मुलाचे सारे लक्ष पोटाकडेच लागते. मात्र दुखणे उजवीकडे खाली सरकले, किंवा हिरवी उलटी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.