अनुभव धागा: गणिताच्या तासाला उत्तर चुकले, की पुढे काय होत असे?

गणिताचे शिक्षक प्रेमळ होते किंवा मारकुटे होते, एवढ्यावर आपल्या आठवणी बहुधा थांबतात. या धाग्यात त्यापुढचे लिहावे, अशी विनंती आहे. उत्तर चुकल्यावर सर किंवा बाई नेमके काय करत, फळ्यावर काय मांडत, आणि त्याचा तुमच्या पुढच्या गणितावर काय परिणाम झाला? शिकवण्याची पद्धत कोणतीही असो, चुकलेल्या उत्तराकडे शिक्षक कसे पाहतात यावरच मुलाचे गणित बहुतांशी ठरते, असे माझे ठाम मत आहे. शिकवणाऱ्यांनी आणि शिकलेल्यांनी, दोघांनीही लिहावे. शाळांची व व्यक्तींची नावे मात्र टाळावीत.

निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा

५२ मधून २७ वजा करायला दिले, की दुसरी-तिसरीतील काही मुले हमखास ३५ लिहितात. वहीवर लाल फुली मारून पुढे गेले, तर ही चूक पुढच्या इयत्तांतही मुलाची पाठ सोडत नाही. तेच त्याला शेजारी बसवून, ‘हे कसे केलेस ते सांग बाळा,’ असे विचारले, की तो न अडखळता सांगतो, ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालवले.’ म्हणजे मुलाने विचार केलेला असतो. दशक सुटा करणे तेवढे त्याच्या डोळ्यांसमोर कधी घडलेले नसते. मी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून ठेवत असे. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलाच्या हातात द्यायच्या आणि त्याच्याकडे सत्तावीस काड्या मागायच्या. दोन गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या देऊन झाल्या की मूल थांबते, आपल्या तोंडाकडे पाहते, आणि मग स्वतःच तिसऱ्या गठ्ठ्याचे रबर काढते. वहीत पाचावर काट मारून वर चार लिहायला त्यानंतरच शिकवावे. आधी शिकवले तर ती काट म्हणजे बाईंनी सांगितलेली एक खूण एवढीच राहते. दोन इयत्ता एका खोलीत सांभाळताना प्रत्येक मुलाशी असे बोलणे होत नाही, म्हणून काड्यांचे काम मी मुलांच्या जोड्यांना देत असे.

पतसंस्थेतील कर्मचारी, यवतमाळ

माझा अनुभव उलट आहे. आमच्या वर्गात भूमितीची सिद्धता पुस्तकातल्याच शब्दांत यावी लागे. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते, हे सिद्ध करताना मी पायाला समांतर रेषा वरच्या शिरोबिंदूतून न काढता, पाया पुढे वाढवून त्या टोकातून दुसऱ्या बाजूला समांतर काढली होती. सिद्धता बरोबर होती. परंतु ती न वाचताच आडवी रेघ मारून खोडण्यात आली आणि ‘मुलींनी सामान्य गणित घेतलेले बरे,’ हा सल्ला सर्वांदेखत मिळाला. मी तो मानला, आणि दहावीनंतर विज्ञान शाखेचा विचारही केला नाही. आज कर्जाच्या हप्त्यातील व्याज आणि मुद्दल मी सभासदांना तोंडी वेगळे करून सांगते, त्यामुळे आपल्याला गणित येत नव्हते, हे मी आता कोणाकडूनही ऐकून घेणार नाही.

पालक, पुणे

माझी मुलगी ४१ ऐकून १४ लिहीत असे, कारण ‘एक्केचाळीस’मध्ये एक आधी ऐकू येतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा किती टीका झाली, हे अनेकांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा बाजू मांडली होती, आणि जुनी संख्यानामेही पुस्तकात होतीच. घरी मला या रीतीचा फार उपयोग झाला: आधी ‘चाळीस एक’ म्हणून लिहायचे, मग ‘एक्केचाळीस’ म्हणायचे.

माजी विद्यार्थी, नाशिक

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी १९४९ च्या सुमारास ६१७४ या संख्येचे वैशिष्ट्य दाखवले. आमचे सर मोकळ्या तासाला तेच करवून घेत. सगळे अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करायचे. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. सात पायऱ्यांच्या आत सगळेच तिथे पोहोचतात. ज्याचे उत्तर तिथे पोहोचत नसे, तो कोणी काही न बोलता स्वतःच आपली वजाबाकी तपासू लागे. कच्च्या मुलांनी इतक्या वजाबाक्या एरवी कधीच केल्या नसत्या.

कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षक, सांगली

(अ + ब) चा वर्ग म्हणजे अवर्ग अधिक बवर्ग, असे लिहिणारी मुले अकरावीतही येतात. त्यांना मी सूत्र पुन्हा सांगत नाही. ३ आणि ४ घालून पाहायला सांगतो. एकीकडे ४९ आणि दुसरीकडे २५ आल्यावर मधले २४ कुठे गेले, हे त्यांनाच शोधायला लावतो. फळ्यावर सात बाय सातचा चौरस काढून त्यात तीनचा आणि चारचा चौरस समोरासमोरच्या कोपऱ्यांत रंगवला, की प्रत्येकी बारा घरांचे दोन आयत उघडे राहतात, आणि ‘दोन अब’ कुठून आले, हे मुलेच सांगतात. अभ्यासक्रम संपवण्याची घाई कितीही असली तरी हा तास मी दरवर्षी घेतो.