ज्येष्ठांच्या फोनमध्ये ओपन सोर्स कळफलक असावा की सोयीचा?

दांडियाबाजारकर

गेल्या रविवारी सासूबाईंच्या फोनमधला कळफलक मी बदलला आणि त्यावरून घरात तीव्र मतभेद झाले, म्हणून हा विषय इथे मांडत आहे. सासूबाईंचे वय ७६. शिक्षण बडोद्यातच, पण सगळे मराठी माध्यमातून. गुजराती त्या अस्खलित बोलतात आणि सावकाश वाचतात, लिहायला मात्र कधी शिकल्या नाहीत. कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी एक फुकटचा, रंगीबेरंगी कळफलक घेतला होता. अक्षरांच्या वर जाहिरातींची पट्टी सरकत असे आणि परवानग्यांमध्ये संपर्कांची यादी व आपण कुठे आहोत याची माहिती, दोन्ही दिलेल्या होत्या. डॉक्टरांना कळवलेले दुखणे, बँकेचा पासवर्ड, नणंदेशी झालेली बोलाचाली, सगळे त्या पट्टीखालीच टंकले जात होते.

आपण व्हॉट्सअ‍ॅप आणि सिग्नल यांच्यावर तासन्‌तास वाद घालतो. सिग्नलचीच कूटबद्धतेची पद्धत २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपमध्येही आहे, त्यामुळे दोन्हीकडे निरोप वाटेत कोणाला वाचता येत नाही. परंतु कूटबद्ध होण्याच्या आधी तो कळफलकातून जातो, याकडे कोणाचे लक्ष नसते. बाहेरचा कळफलक सुरू करताना अँड्रॉइड स्वतः बजावते की तुम्ही टंकलेला सर्व मजकूर, पासवर्ड आणि कार्डाच्या क्रमांकासह, हा कळफलक गोळा करू शकतो; आपण न वाचता ‘ठीक’ म्हणतो. मी एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा मूळ कोड (स्रोत) कोणालाही पाहता येतो अशा, अ‍ॅपांच्या भांडारावरून हेलीबोर्ड हा कळफलक घेतला. तो इंटरनेटची परवानगीच मागत नाही, म्हणजे टंकलेले स्वतःहून बाहेर पाठवण्याचा मार्गच त्याच्याजवळ नाही. माझे मत स्पष्ट आहे: बाकीची अ‍ॅपे सोय पाहून घ्यावीत, कळफलक मात्र ओपन सोर्सच असावा.

मांजलपूर_निवासी

ताई, आपली तळमळ समजते, पण आपल्याच लेखनातली एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटली आहे. सासूबाईंना गुजराती लिहिता येत नाही, तरी आजवर सोसायटीच्या गटावर त्या गुजरातीत लिहीत होत्या की नाही? लिहीत असतील, तर त्या बोलून लिहीत असणार.

गूगलने २०१७ मध्ये बोलून लिहिण्याच्या सोयीत मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषा आणल्या. माझ्या आईचीही स्थिती आपल्या सासूबाईंसारखीच आहे. त्या सोयीने तिला वयाच्या सत्तरीनंतर एक लिपी मिळवून दिली. शेजारच्या बेनला ती आता स्वतः निरोप धाडते, त्यासाठी नातवाची मनधरणी करावी लागत नाही. हेलीबोर्डमध्ये आवाज ओळखण्याची स्वतःची व्यवस्था नाही, त्यासाठी वेगळे अ‍ॅप जोडावे लागते. बोट सरकवून लिहायचे तर त्याकरिताही एक बंद स्रोताची फाइल बाहेरून आणून घालावी लागते. ज्याला आपण सोय म्हणून बाजूला सारता, ते या वयातल्या माणसाचे स्वावलंबन आहे. जाहिरातींचा कळफलक काढलात हे योग्यच केलेत. मात्र त्याच्या जागी फोनसोबत आलेला कळफलक का नको, याचे उत्तर आपल्या लेखनात मला सापडले नाही. त्याच फोनमध्ये बँकेचे आणि यूपीआयचे अ‍ॅप बंद स्रोताचेच असेल, त्यावर आपण विश्वास ठेवताच ना?

निवृत्त_अभियंता_रावपुरा

दोघांच्याही म्हणण्यात ओपन सोर्स म्हणजे सुरक्षित असे गृहीत धरलेले दिसते, त्याला माझी हरकत आहे. एक्सझेड या फाइली आकाराने लहान करणाऱ्या, अगदी साध्या, पण लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या असंख्य संगणकांचा आधार असलेल्या ओपन सोर्स साधनात मागल्या दाराने शिरण्याची सोय पेरली गेल्याचे २०२४ च्या मार्चमध्ये उघड झाले. पेरणारा माणूस सुमारे दोन वर्षे नेकीने काम करून विश्वासाच्या जागेवर पोहोचला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनसाठी अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे खटकले आणि त्याने मुळापर्यंत जाऊन ते शोधून काढले. ते त्याला खटकले नसते तर? स्रोत उघडा असणे आणि तो कोणी वाचलेला असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्यापैकी किती जणांनी हेलीबोर्डचा स्रोत वाचला आहे?

दांडियाबाजारकर

काका, मी एक ओळही वाचलेली नाही, हे कबूल करते. परंतु फ्रॉइंड यांना शेवटपर्यंत खणत जाता आले, कारण स्रोत त्यांच्यासमोर उघडा होता. सिंपल मोबाइल टूल्सचेही पाहा. गॅलरी, कॅलेंडर अशी साधी ओपन सोर्स अ‍ॅपे होती ती. २०२३ च्या अखेरीस निर्मात्याने ती एका कंपनीला विकली आणि वापरणारे हवालदिल झाले. पण स्रोत उघडा असल्यामुळे त्यावर काम करणाऱ्यांनी तोच पुढे नेऊन फॉसिफाय नावाचा नवा अ‍ॅपसंच उभा केला. माझे आणि सासूबाईंचे फोटो आज त्यातच आहेत. बंद स्रोताचे अ‍ॅप विकले गेले असते, तर नव्या मालकाच्या अटी मान्य करणे किंवा ते काढून टाकणे, एवढेच हाती उरले असते.

मांजलपूरचे दादा, आपला प्रश्न मात्र मला खरोखर लागला. गेल्या चार दिवसांत सासूबाईंनी सोसायटीच्या गटावर एक अक्षरही लिहिलेले नाही. मला वाटले होते, त्या माझ्यावर रागावल्या आहेत. आज विचारले तेव्हा म्हणाल्या, “माइक कुठे गेला ते सापडत नाही, आणि तुला किती वेळा विचारायचं?” बँकेच्या अ‍ॅपबद्दल एवढेच म्हणेन की ते स्वतःपुरते पाहते, कळफलक मात्र सगळ्याच अ‍ॅपांमधले पाहतो. तरीही संध्याकाळी मी फोनसोबत आलेला कळफलक पुन्हा सुरू करून दिला. हेलीबोर्डही तसाच ठेवला आहे. टंकताना तळाच्या कोपऱ्यात जे छोटे चिन्ह दिसते, ते दाबून दोन्हींत अदलाबदल करायची: गुजराती बोलायचे तेव्हा फोनसोबतचा, मराठी लिहायचे किंवा बँकेचे काम असेल तेव्हा हेलीबोर्ड.

मांजलपूर_निवासी

ही तडजोड तिशीतल्या माणसासाठी उत्तम आहे. शहात्तराव्या वर्षी बँकेचे अ‍ॅप उघडण्याआधी आठवणीने कोपऱ्यातले चिन्ह दाबायचे, हे दोन आठवडे टिकले तर मी माझ्या आईच्या फोनमध्येही हेलीबोर्ड घालीन. कृपया कळवा.

दांडियाबाजारकर

जरूर कळवेन. पहिल्याच दिवशी विसरल्या आहेत, हे आजच सांगून ठेवते. गुजरातीत बोलून निरोप धाडला आणि त्याच कळफलकावर पासवर्ड टंकला. निरोप मात्र चार ओळींचा होता.