नाताळचा गोठा, झाड, माळा: नेमकं कधी उतरवायचं आणि कसं ठेवायचं?

लिफ्टशेजारी

वसईतल्या आमच्या संकुलात तळमजल्यावर नाताळचा मोठा देखावा असतो. सात फुटी प्लास्टिकचं झाड, बांबू-पेंढ्याचा गोठा, त्यात फूटभर उंचीच्या पीओपीच्या मूर्ती, गच्चीवरून खाली सोडलेल्या एलईडी माळा आणि गेटवर कागदी तारा. यंदा कुणीतरी कुंडीतलं खरं ख्रिसमस ट्रीसुद्धा दिलंय.

कमिटीत दरवर्षीचाच वाद. एक गट म्हणतो, नवीन वर्ष लागलं की आवरा. दुसरा म्हणतो, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचा सण होईपर्यंत हात लावायचा नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणतात, पूर्वी गोठा फेब्रुवारीपर्यंत असायचा. नियमाने शेवटचा दिवस कोणता? सगळं एकदम काढायचं की टप्प्याटप्प्याने? आणि सामान मीटर रूमशेजारच्या दमट खोलीत जाणार आहे, तर ते कसं बांधायचं? गेल्या वेळच्या पेटीतून दोन उंटांचे पाय वेगळे निघाले.

आगमनकाळ

तिघांपैकी फक्त पहिला गट चुकतोय.

१ जानेवारीला नाताळचं अष्टक संपतं, म्हणजे २५ डिसेंबर धरून आठवा दिवस. कॅथलिक दिनदर्शिकेत तो देवमाता मरियेचा सण. अष्टक संपलं म्हणून नाताळकाळ संपत नाही. त्या दिवशी गोठा आवरला तर तीन राजे यायच्या आधीच बिऱ्हाड हलवल्यासारखं होतं. काही घरांत राजांच्या मूर्ती सुरुवातीला गोठ्यापासून लांब ठेवतात आणि रोज थोड्या पुढे सरकवतात, त्यांची तर सगळी मेहनत फुकट.

प्रकटीकरणाचा सण, म्हणजे तीन राजांचा, मूळ ६ जानेवारीचा. भारतात मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, तो २ ते ८ जानेवारीच्या दरम्यान जो रविवार येतो त्या दिवशी घेतात. गोव्यात मात्र कासावली, चांदर, रेइश मागूश इथली फेस्तं ६ तारखेचीच. राजे झालेली मुलं घोड्यावरून निघतात ती त्याच दिवशी.

नाताळकाळ अधिकृतपणे संपतो तो त्यानंतर, प्रभूच्या स्नानसंस्काराच्या, म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याच्या, सणाला. प्रकटीकरणाच्या पुढचा रविवार म्हणजे हा सण. अपवाद एकच: प्रकटीकरणाचा रविवार ७ किंवा ८ जानेवारीला आला, तर स्नानसंस्काराचा सण लगेच दुसऱ्या दिवशी, सोमवारी. पुढची तीन वर्षं अशी:

२०२७: प्रकटीकरण ३ जानेवारी, स्नानसंस्कार रविवार १० जानेवारी.
२०२८: प्रकटीकरण २ जानेवारी, स्नानसंस्कार रविवार ९ जानेवारी.
२०२९: प्रकटीकरण ७ जानेवारी, स्नानसंस्कार सोमवार ८ जानेवारी.

तारीख पाठ करायची नसेल तर चर्चमध्ये बघा. त्या सणापर्यंत फादर पांढऱ्या वस्त्रांत असतात, पुढच्या दिवसापासून सामान्य काळाचा हिरवा रंग सुरू.

आजींचंही खरं आहे. २ फेब्रुवारी म्हणजे २५ डिसेंबर धरून चाळिसावा दिवस. मोशेच्या नियमाप्रमाणे मुलगा झालेल्या आईचं शुद्धीकरण चाळीस दिवसांनी, म्हणून बाळ येशूला मंदिरात नेल्याचा सण त्या तारखेला येतो आणि मेणबत्त्या आशीर्वादित होतात. स्नानसंस्काराला काळ संपवायची रचना १९६९ च्या सुधारित दिनदर्शिकेची. जुनी चाळीस दिवसांची सवय पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. पोलंडमध्ये गोठे आणि नाताळगीतं अजूनही २ फेब्रुवारीपर्यंत चालतात. त्यामुळे कुणाच्या घरात तोवर गोठा दिसला तर नाक मुरडायचं कारण नाही. संकुलापुरतं मी म्हणेन: स्नानसंस्काराच्या सणाच्या संध्याकाळी दिवे शेवटचे लावा आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत सावकाश उतरवा.

पेंढा_बांबू

तारखेचं वर आलंच. पण गोठ्यातल्या सगळ्याच वस्तू त्या तारखेची वाट बघत नाहीत.

सर्वात आधी हिरवळ. गोठ्यात डोंगर-शेत दाखवायला नाचणी किंवा गहू उगवून ठेवला असेल, तर पेरल्यापासून दोन-तीन आठवड्यांत तो पिवळा पडून आडवा होतो. मुळांचं जाळं ट्रेमध्ये कुजतं, आंबूस वास येतो, चिलटं होतात. १ जानेवारीच्या आसपास तो ट्रे सरळ उचला. गोठा तसाच राहू द्या, जागी कोरडी वाळू किंवा लाकडाचा भुसा पसरा.

आता मूर्ती. पीओपीला ओल्या फडक्याने पुसणं ही सगळ्यात मोठी चूक. प्लास्टर पाणी पितं, वरचा रंग सुटतो आणि पुढच्या वर्षी पापुद्रे निघतात. रंगकामाचा मऊ, रुंद ब्रश घ्या आणि धूळ वरून खाली झाडा. मग एक दिवस पंख्याखाली सावलीत राहू द्या. उन्हात नको, रंग उडतो.

उंटांचे पाय का तुटतात? उंट, मेंढरं, गाढव यांच्या बारीक पायांत आधाराला लोखंडी तार असते. दमट जागेत ती गंजते, गंजली की फुगते आणि आतून प्लास्टर फोडते. म्हणजे पेटी आपटली नाही तरी पाय जाणारच. पायावर तपकिरी डाग किंवा केसासारखी उभी भेग दिसली तर समजा सुरुवात झाली. सुटलेला भाग असेल तर तार पॉलिशपेपरने घासा, गंजरोधक प्रायमरचा हात द्या, वाळू द्या आणि पांढऱ्या फेव्हिकॉलने जोडून चोवीस तास न हलवता ठेवा.

बांधताना वर्तमानपत्र थेट मूर्तीला लावू नका, शाई रंगावर उतरते. जुनं मऊ सुती कापड आधी, वर्तमानपत्र वरून. चार पायांच्या मूर्ती कुशीवर झोपवा, उभ्या ठेवल्या की सगळं वजन घोट्यांवर येतं. जड मूर्ती तळाशी, बाळ येशू आणि मेंढरं वर. हवाबंद प्लास्टिकचा डबा वापरायचा तर मूर्ती खरोखर कोरड्या हव्यात आणि आत सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या. नाहीतर ओल आतच कोंडते, त्यापेक्षा पुठ्ठ्याचं खोकं परवडलं. खोकं जमिनीवर नको, फळीवर किंवा विटांवर, भिंतीपासून चार बोटं लांब.

डांबरगोळ्या टाकायची अनेकांना सवय असते. पेटीत थर्माकोल असेल तर टाकू नका. नॅप्थलीनच्या वाफेने थर्माकोल मऊ पडतो, खड्डे पडतात आणि तो मूर्तीच्या रंगाला चिकटतो.

पेंढा दरवर्षी नवा घ्या. जुना साठवला की उंदीर आणि वाळवी यांना आमंत्रण, शिवाय मीटर रूमशेजारी वाळका पेंढा ठेवणं हा शुद्ध वेडेपणा. गुरांना घालायचा असेल तर चमकी, स्प्रे रंग किंवा जरीच्या झिरमिळ्या लागलेला पेंढा अजिबात देऊ नका. तो कचऱ्यात, बाकी खतात. बांबूचा सांगाडा पुन्हा वापरता येतो. मात्र खाली बारीक पिवळसर पीठ पडलेलं दिसलं तर आत भुंगा आहे. तो तुकडा लगेच बाहेर, नाहीतर शेजारची लाकडी फळीही जाईल.

सिरीज_टेस्टर

माळांबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान उतरवतानाच होतं.

गच्चीवरून सोडलेली माळ खालून ओढायची नाही. आधी बोर्डातून पिन काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग एकाने गच्चीवरून माळ वर उचलत जायची, दुसऱ्याने खाली अडकलेला भाग सोडवायचा. खालून हिसका दिला की ताण थेट बल्बच्या पायाशी, सोल्डरच्या टाकावर येतो. तिथे एक तार सुटली की त्या साखळीतले सगळे दिवे जातात, बाकी माळ चालू राहते. पुढच्या वर्षी लावताना माळेबरोबर नायलॉनची दोरी सोडा आणि दर दोन फुटांवर माळ तिला बांधा, म्हणजे वजन दोरी घेईल. वेळ सकाळी अकरानंतरची. जानेवारीत रात्री दव पडतं, ओल्या माळा गुंडाळल्या की पायांवर हिरवट गंज चढतो. समुद्राजवळ तर फारच लवकर.

कोपर आणि अंगठ्याभोवती गुंडाळू नका, वायर दर वेळी त्याच जागी मुडपते. साधारण ३० बाय १५ सेंटिमीटरचा जाड पुठ्ठा घ्या, दोन्ही टोकांना कात्रीने खाच पाडा. पिनेचं टोक शेवटी येईल अशा बेताने सैलसर गुंडाळा, म्हणजे न उलगडता बोर्डात लावून तपासता येते. आठ प्रकारे चमकणारी माळ असेल तर तिच्या कंट्रोलरच्या डबीवर वजन येऊ देऊ नका. पुठ्ठ्यावर लिहून ठेवा: 'गच्ची, पूर्व, चालू'. बंद माळ 'बघू नंतर' म्हणून ठेवू नका. तांबं उघडं पडलं असेल तर टेप लावत बसण्यापेक्षा ती ई-कचऱ्यात द्या. २३० व्होल्टचा मामला आहे आणि लॉबीत मुलं खेळतात.

झाडाचा क्रम: आधी काचेचे आणि हलके गोळे, मग माळ वरून खाली उलगडत, शेवटी झाड. सात फुटी झाड बहुधा तीन तुकड्यांत असतं. वरचा तुकडा आधी काढा, फांद्या वरच्या दिशेने मिटा आणि सुती नाडीने बांधा. मूळ खोक्यात कोंबायच्या नादात फांद्यांच्या तारा वाकतात. जुन्या चादरीत गुंडाळलेलं बरं. स्टँडचे स्क्रू पिशवीत घालून पिशवी दांड्यालाच बांधा. दरवर्षी डिसेंबरात अर्धा तास त्या स्क्रूंच्या शोधात जातो.

कागदी ताऱ्यातून आधी बल्ब आणि होल्डर काढा, मगच घड्यांवरून मिटा. आत जुना पिवळा बल्ब असेल तर पुढच्या वेळी ५ वॅटचा एलईडी घाला. कागद तापत नाही.

इसारकाठ

म्युनिकहून. इथे बहुतेक घरांत खरं कापलेलं झाड असतं, त्यामुळे तारीख दिनदर्शिकेपेक्षा झाडच ठरवतं. बव्हेरियात ६ जानेवारीला सार्वजनिक सुट्टी असते, त्यानंतर झाडं बाहेर पडू लागतात.

इकडे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी दोन गोष्टी. स्टँडमधलं पाणी एकदाही आटू देऊ नका. कापलेला भाग कोरडा पडला की राळेने बंद होतो आणि मग कितीही ओतलं तरी झाड पाणी घेत नाही. मधल्या फांदीवरून बोटं फिरवा. सुया मूठभर हातात आल्या तर सहा तारखेची वाट बघू नका, हीटिंग चालू असलेल्या खोलीत ते झाड म्हणजे काडेपेटी. काढताना पाणी उपसा, झाड जुन्या चादरीत गुंडाळून आडवं करा, बुंधा पुढे ठेवून दारातून न्या. एकूण एक चमकी काढा, नाहीतर खतासाठी घेत नाहीत. फायरप्लेसमध्ये जाळू नका, राळ तडतडते आणि धुराड्यात काजळी धरते.

बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींना झाडं खायला घालतात ती विक्रीतून उरलेली, लोकांच्या घरची नाहीत. कारण तेच, चमकी आणि तारा.

लिफ्टशेजारी

सगळ्यांचे आभार. दोन शंका उरल्या. एक, कमिटीतले एक गृहस्थ म्हणतात ६ तारखेनंतर सजावट ठेवली की अपशकुन. दोन, कुंडीतल्या झाडाचं काय?

आगमनकाळ

अपशकुनाची समजूत इंग्लंडकडची, चर्चच्या नियमात तसं काही नाही. तिथेही नाताळची बारावी रात्र, म्हणजे सजावट ठेवायची शेवटची रात्र, ५ तारखेची की ६ ची, यावर वाद आहे: २५ डिसेंबर पहिला दिवस धरला तर ५, २६ पासून मोजलं तर ६. आणि सतराव्या शतकात तिथलेच लोक घरातली हिरवळ २ फेब्रुवारीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत ठेवत आणि त्यानंतर राहिली तर अशुभ मानत. म्हणजे अपशकुनाची तारीखही सरकलेली आहे. गृहस्थांना हे शांतपणे सांगा.

पेंढा_बांबू

नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून मिळतं ते बहुधा अरौकेरिया. लॉबीच्या अंधारात दोन-तीन आठवडे काढल्यावर त्याला थेट उन्हात ठेवलं तर पानं करपतात. आधी आठ-दहा दिवस उजेडाच्या सावलीत, मग सकाळचं ऊन. मातीत बोट दोन पेरं घालून बघा, कोरडी लागली तरच पाणी. जड गोळे आणि माळ त्याच्यावरून सगळ्यात आधी काढा, अगदी १ जानेवारीलाच, कारण फांदी वाकली की वाकलेलीच राहते. शेंड्यावर तारा खोचला असेल तर जपून काढा. शेंडा मोडला की झाडाचा आकार गेला, बाजूची फांदी त्याची जागा घेत नाही. आणि सुरूची फांदी कापून आणलेली असेल तर ती ठेवायचा प्रश्नच नाही, आठवड्याभरात सगळी गळून लादीवर येते.

सिरीज_टेस्टर

गच्चीवरच्या माळांपुरतं एक. भारतातल्या हिशोबाने स्नानसंस्काराचा सण ८ ते १३ जानेवारीच्या आतच येतो, म्हणजे कायम संक्रांतीच्या आधी. माळा त्याच दोन-तीन दिवसांत उतरवा, पुढे ढकलू नका. १४ तारखेला पोरं पतंग घेऊन गच्चीवर गेली की मांजा माळांत गुंततो, ओढाताणीत वायर सोलली जाते आणि वरून कुणीतरी चालू माळेला हात घालतं. उशीर झालाच, तर निदान गच्चीचा बोर्ड १३ च्या रात्री मेनमधून बंद करा आणि चावी वॉचमनकडे द्या.