बुटांच्या डब्यावर आमच्या गटाचा फोटो हवाय म्हणे. कंपनी खरी की नुसती हिरवी, कसं ओळखू?

नमस्कार मंडळी. मी पांढरकवड्याच्या अलीकडच्या एका गावात राहते. आमचा बारा बायकांचा बचत गट आहे, घरोघरी कपाशी.

मागच्या आठवड्यात बुटांच्या एका नव्या कंपनीची दोन पोरं आली होती. कॅनव्हासचे बूट. म्हणे कापड 'विदर्भातल्या सेंद्रिय कापसाचं' आणि बाकी सगळं 'व्हीगन'. आमचा फोटो डब्यावर छापणार. कापूस आमच्या भागातला आहे असं गटाच्या लेटरहेडवर लिहून द्यायचं, बदल्यात प्रत्येकीला एक जोड.

बूट दिसायला छान आहे, खोटं कशाला बोलू. पण जिभेवर नुसतं 'इको' छापलंय. ना नंबर, ना कोणाचा शिक्का. नाकाशी नेला तर सोल्युशनचा भपकारा. बाजारात चपला शिवणाऱ्या काकांना दाखवला. त्यांनी अंगठ्याने सोल दाबून पाहिला आणि म्हणाले, फोम आहे, शिवलेला नाही, चिकटवलाय. झिजला की फेकायचा.

सासूबाईंनी एकच विचारलं, "आपल्या गावात शेंद्रिय कापूस कोनं पेरला व?" खरंच आहे. गावात सगळ्यांचं बीटी, म्हणजे जनुक बदललेलं बियाणं, आणि बीटीचा कापूस सेंद्रियमध्ये धरत नाहीत. शिवाय जिनिंगवर गाडी रिकामी केली की आमचा कापूस सगळ्यांच्या ढिगात. कोणत्या गाठीत कोणाचा, देवाला ठाऊक. २०१७ ला फवारणीच्या विषबाधेत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसवर माणसं गेली. त्याच जिल्ह्याच्या नावाने बिनविषारी कापूस विकायचा, हे मला जड जातंय.

कंपनीला नेमके कोणते कागद मागू? बायका जोडासाठी मागे लागल्यात, लवकर सांगा.

प्रतिसाद:
ताई, सही थांबवा. कापडासाठी जीओटीएसचं, म्हणजे सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाचं, सर्टिफिकेट मागा. त्यात 'सेंद्रिय' म्हणायला निदान ९५ टक्के धागा सेंद्रिय लागतो. पण कंपनीच्या नावाचा एक कागद पुरत नाही. त्या त्या मालाचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट असतं, तेच हवं, आणि नंबर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडून पडताळून घ्या. २०२० मध्ये आपल्याच देशातल्या कापसाची बनावट सर्टिफिकेटं उघडकीस आली होती.

'व्हीगन'वर भुलू नका. कातड्यासारखं प्राण्यांपासूनचं काही नाही एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक वेळा ते पीयू नाहीतर पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकच. कातडंही सोवळं नाही म्हणा, क्रोम वापरून कातडं कमावणाऱ्या कारखान्यांनी, म्हणजे टॅनरींनी, कानपूरच्या जाजमऊचं पाणी कसं नासवलं ते सगळ्यांना माहीत आहे. कातड्याच्या कंपन्या लेदर वर्किंग ग्रुप या संस्थेचं गोल्ड-सिल्व्हर मानांकन दाखवतात, पण ते टॅनरीच्या कामकाजाचं. बूट शिवणाऱ्याला मजुरी काय मिळते, हे त्यातून कळत नाही. म्हणून विचाराच, शिलाई कुठे होते, कारखान्यात की घरोघरी नगावर? जी कंपनी कारखान्याचं नाव-गाव सांगत नाही तिच्यावर मी तरी पैसे घालत नाही.

आणि ऑक्टोबर २०२४ पासून ग्रीनवॉशिंगवर, म्हणजे पर्यावरणाच्या नावाने केलेल्या खोट्या दाव्यांवर, केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. 'इको' लिहिलं तर पुरावा द्यावा लागतो. तक्रारीला ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मूळ धागाकर्ती:
आभार! फोन केला होता. आधी "ताई, सगळं वेबसाइटवर आहे". दोनदा मागितल्यावर व्हॉट्सॲपवर कापडाचं एक बिल आलं. तमिळनाडूतल्या गिरणीचं, त्यावर 'कॉटन कॅनव्हास' एवढंच. सेंद्रिय शब्द नाही, विदर्भ तर नाहीच. कारखान्याचं विचारलं तर "आमचे पार्टनर आहेत" एवढ्यावरच.

पत्र दिलेलं नाही. पण घोळ असा, की गटातल्या एकीने नमुन्याचा जोड घालून लग्नात मिरवलाय आणि पोरांनी तिचा फोटो तेव्हाच काढून नेलाय. तो छापू नका असं त्यांना लेखी कसं कळवायचं? मसुदा कोणाकडे असेल तर टाका.