पाचवीचा वर्ग, भाकरी आणि स्क्रीन

खडूफळा: ज्या वर्गात स्क्रीन नाही तो वर्ग मागच्या शतकात अडकलाय, अशी एका शिक्षकमित्राची पोस्ट काल वाचली. फार लागली, म्हणून लिहितोय.

आमच्या जि. प. शाळेतल्या प्रोजेक्टरची लोकवर्गणी मीच दारोदार फिरून गोळा केली. तेव्हा मला तंत्रज्ञानाचं वावडं आहे, असं कुणी म्हणू नये. पाचवीला अपूर्णांकांचा व्हिडिओ लावला. केक कापला गेला, तुकडे रंगले, पोरं खूश. "कळलं?" "कळलंऽऽ!" पाटीवर १/२ + १/३ दिलं, तर निम्म्याहून जास्त जणांनी २/५ लिहिलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीआधी भाकरी मोडली. अर्धी ठेवली, शेजारी दुसरीचा तिसरा हिस्सा. एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, २/५ तर अर्धीपेक्षा कमी. भर घातल्यावर भाकर कमी कशी होईल?" हा प्रश्न व्हिडिओतून आला नसता.

धडगावकर: सर, भाकरी पटली, निष्कर्ष नाही. माझी शाळा द्विशिक्षकी. सहकारी मीटिंगला गेले की चारही वर्ग माझ्याच गळ्यात. पोरांची घरची भाषा पावरी, आदिवासी बोली. पहिलीतली मुलं पुस्तक उघडून नुसती बघत बसायची. मग चौथीच्या मुलींच्या आवाजात शब्द रेकॉर्ड केले, आधी पावरी, मग मराठी. टॅबवर चित्राला बोट लावलं की ताईचा आवाज येतो. एक मुलगा दोन महिने तोंड उघडत नव्हता, तो त्या आवाजामागून बोलायला लागला. तेवढ्या वेळात मी तिसरीचं गणित घेते. चार वर्गांना एका फळ्यावर कसं शिकवायचं, तेही सांगा.

खडूफळा: मॅडम, तुमचा टॅब तुमच्या हातातला आहे. आमच्या पुस्तकात क्यूआर कोड छापून येतो, आणि तो उघडायला गावाबाहेरच्या टेकाडावर जावं लागतं.

धडगावकर: मग रेंजवर बोला, स्क्रीनवर का? परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. त्यांच्या वर्गातल्या मुलांची भाषा कन्नड होती. गुरुजी ती शिकले, पुस्तकं त्या भाषेत आणली, पुस्तकातले क्यूआर कोड त्यानंतरचे. सुरुवात मुलापासूनच झाली होती.

पाचवी-अ च्या बाई: तुम्ही दोघं शिकवण्याबद्दल तरी भांडताय! माझा मोबाईल वर्गात फोटो काढायलाच लागतो. झाड लावलं, फोटो. हात धुतले, फोटो. गेल्या महिन्यात तीन दिवस आधारची नावं जुळवत बसले. रजिस्टरला एक, आधारवर दुसरं. जुळलं नाही तर पटावरचं मूल संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, धरत नाहीत आणि शिक्षक जादा ठरतो. आरटीईचं, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याचं, कलम २७ शिक्षकांना शिकवण्याबाहेरच्या कामांपैकी जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढ्यालाच परवानगी देतं. हे सगळं कुठल्या कलमात बसतं?

धडगावकर: अगदी! वरून निरोप येतो, "आजची माहिती आजच." निरंक, म्हणजे भरण्यासारखं काही नसलं, तरी भरा.

खडूफळा: आणि ती भरायची लिंक रात्री नऊला येते.

एक बाप: कामं आम्हालाही आहेत. २०२० मध्ये शाळा बंद झाली तेव्हा घरात फोन एकच, तो घेऊन मी गाडीवर. पोरगी शेजारच्या ओट्यावर बसून दुसऱ्याच्या फोनवरून वहीत उतरवायची. दोन वर्षांत ती वाचायचं विसरली. अजून अडखळते. तुम्ही लिंकवर रडताय.

पाचवी-अ च्या बाई: आम्ही तेव्हा पारावर पोरं बसवून शिकवलं, दादा. "रडताय" म्हणू नका.

एक बाप: तुम्ही शिकवलं असेल. आमच्या गावात कुणी आलं नाही. हेच म्हणतोय.

खडूफळा: दादा, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

मॅडम, स्क्रीनने अपूर्णांक कळत नाहीत, हे मत मी बदलणार नाही. पण पहिलीत भाषेसाठी तुम्ही केलंत ते फळ्याने झालं नसतं, एवढं मान्य. माझ्या वर्गात यंदा ऊसतोडीवरून परतलेली दोन भिलोरी बोलणारी पोरं आहेत. तुम्ही रेकॉर्डिंग कसं केलंत, कुठल्या शब्दांपासून सुरुवात केलीत, ते लिहा.

धडगावकर: घरातल्या शब्दांपासून. चूल, पाणी, कोंबडी. आवाज मात्र तुमचा नको, मोठ्या पोरांचा घ्या.