सपाट टप्पे हवेत कशाला?

घाटवेडा (शनिवार, 12 जुलै 2025, रात्री 9:35)

आज टूर द फ्रान्सचा (फ्रान्समधली तीन आठवड्यांची सायकल शर्यत, एकूण वेळ सर्वांत कमी तो जिंकतो) आठवा टप्पा होता, सें-मेआँ-ल-ग्राँ ते लाव्हाल, 171 किलोमीटर. चहा घेऊन टीव्हीसमोर बसलो. भजी खाऊन झाली, एक डुलकी झाली. उठून बघतो तर तोच घोळका (एकत्र चालणारे सगळे सायकलपटू), तीच शेतं आणि हेलिकॉप्टरमधून दाखवलेली आणखी एक गढी. आज घोळक्यातून पुढे पळून जायलासुद्धा कुणी तयार नव्हतं. मधल्या स्प्रिंटनंतर (वाटेतली गुणांसाठीची धाव) टोटलएनर्जीज संघाचे दोघे सुटले, तेही जाहिरातीपुरते. त्यांना पकडलं, शेवटच्या धावेत मिलान जिंकला, संपलं. शेवटचे तीन किलोमीटर बघितले असते तरी काही चुकलं नसतं.

यंदा 21 पैकी सात टप्पे सपाट आहेत. माझ्या मते दोन पुरेत. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीतही ‘घाटाचा राजा’ असतो. ‘पनवेलच्या सपाटीचा राजा’ कुणी ऐकलाय?

(कसोटी क्रिकेटची उपमा कुणीतरी देणारच आहे. कृपया देऊ नका.)

लेन_नंबर_दोन (रात्री 9:52)

कसोटीत निदान चहापानाला खेळाडू तरी थांबतात.

वाराफोडी (रात्री 10:20)

घाटवेडा, काही घडत नाही असं तुम्हाला वाटतं, कारण कॅमेरा घोळक्याच्या डोक्यावरून फिरतो. पुढचे दोघे-तिघे कोण आहेत ते एकदा बघा. स्प्रिंटरच्या (शेवटच्या धावेत जिंकणाऱ्याच्या) संघातला एक माणूस सकाळपासून सर्वांत पुढे वारा फोडत असतो. पळालेल्यांना किती अंतर द्यायचं आणि ते कधी खायचं, हे तो ठरवतो. लवकर पकडलं तर नवे लोक सुटतात, उशीर झाला तर दिवस गेला. रॉबेर शापात नावाचे फ्रेंच समालोचक होते, स्वतः जुने सायकलपटू. त्यांचा ठोकताळा असा की दहा किलोमीटर उरलेत आणि एकट्याकडे मिनिटाची आघाडी नाही, तर तो गेला. घोळका हे गणित दिवसभर मांडत असतो.

आणि घोळक्याच्या पोटात बसणं म्हणजे काय, तेही सांगते. आइंडहोवेनमध्ये बर्ट ब्लॉकेन यांच्या गटाने 2018 मध्ये 121 सायकलपटूंच्या घोळक्याचा अभ्यास केला. आतल्या माणसाला लागणारा हवेचा अडथळा एकट्याच्या तुलनेत 5 ते 10 टक्क्यांवर येतो. सोलापूर रोडला समोरचा वारा असताना मी एकदा उसाच्या ट्रॉलीच्या आडोशाने चार किलोमीटर गेले आहे. (करू नका. घरी कळल्यावर बोलणी खाल्ली.) ट्रॉली वळली आणि छातीवर कुणीतरी हात ठेवून ढकलावं तसं झालं. दोनच पेडल मारली असतील, वेग 34 वरून 22 वर. पळून जाणारे दोघे-तिघे दिवसभर त्या हाताविरुद्ध चालवत असतात.

घाटवेडा (रात्री 10:41)

ताई, विज्ञान मान्य. पण ज्या नाटकाचा शेवट दहापैकी नऊ वेळा आधीच ठाऊक असतो, ते तीन तास का बघायचं? तो 5 ते 10 टक्क्यांचा आकडा माझ्याच बाजूचा आहे. पळणाऱ्याला संधीच नाही.

गेंटमधून (रात्री 11:05)

ज्यांना वारा दिसत नाही, त्यांनी फ्लँडर्समध्ये एक हिवाळा काढावा.

यंदाचा पहिला टप्पा विसरलात? लील ते लील, सपाट. आडवा वारा सुटला, स्प्रिंटर फिलिप्सेनच्या संघाने आणि जेतेपदाचा दावेदार विंगेगार्डच्या लोकांनी पुढे जोर लावला, रस्त्यावर तिरप्या रांगा पडल्या. रांगेत जेवढे मावतात तेवढेच, बाकीचे गटारीच्या कडेला लोंबकळत. इव्हनपूल आणि रोग्लिच हे दावेदार 39 सेकंद हरले, पहिल्याच दिवशी. आणि 2020? लाव्होरच्या सपाट टप्प्यात पोगाचार 1 मिनिट 21 सेकंदांनी मागे पडला आणि शेवटी टूर फक्त 59 सेकंदांनी जिंकला. तुमच्या घाटांमध्येही असा हिशेब रोज होत नाही.

दुसरं म्हणजे, टीव्हीवर जे कंटाळवाणं दिसतं ते रस्त्यावर तसं नसतं. सोमवारी सुट्टी काढून व्हालेंसिएनला गेलो होतो. दोन तास जाहिरातींच्या गाड्या, पोरं टोप्या आणि सॉसेजच्या पुड्या झेलतायत. माझ्या शेजारच्या आजींनी छत्री उलटी धरली होती, झोळी म्हणून. मग घोळका आला. आधी नुसती हवा अंगावर येते, मग साखळ्यांचा आवाज, पावसाची सर पत्र्यावर पडावी तसा. वीस सेकंदांत सगळं पुढे. आजी म्हणाल्या, यंदा जोरात गेले. असं रस्त्यावर उभं राहून बघायचं तर शर्यत गावागावांतून जायला हवी, आणि फ्रान्सच्या उत्तरेला डोंगर नाहीत, त्याला काय करणार?

घाटवेडा (रात्री 11:20)

त्याच सोमवारच्या टप्प्याचं पुढे काय झालं तेही लिहा की. डंकर्कच्या वाटेवर मधल्या स्प्रिंटला फिलिप्सेन हिरव्या जर्सीत (गुणांत पुढे असलेल्याची) आपटला, गळपट्टीचं हाड मोडलं, घरी गेला. दिवसभर काही नाही आणि जे झालं ते हे.

नर्स_ऑन_व्हील्स (रविवार, 13 जुलै, सकाळी 7:10)

माझा आक्षेप कंटाळ्यावर नाही, ह्यावर आहे. ताशी 65-70 ने, खांद्याला खांदा लावून, अंगात एक पातळ कापड. 2020 मध्ये पोलंडच्या शर्यतीत कातोव्हित्सेला उतारावरच्या स्प्रिंटमध्ये खुनेवेखनने आपली सरळ रेघ सोडली, याकोबसेन कठड्यावर गेला. जबड्याची आणि दातांची दुरुस्ती, नंतर कितीतरी शस्त्रक्रिया. तो परत आला, 2022 मध्ये डेन्मार्कमधला टूरचा टप्पा जिंकलाही. पण त्याच्या पुनरागमनाच्या गोष्टीवर टाळ्या वाजवताना मला अतिदक्षता विभागातल्या पहिल्या रात्रीच आठवतात. शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये पडलात तर वेळ धरली जात नाही, काही टप्प्यांना हे अंतर पाचही करतात. त्याने घड्याळ वाचतं, हाड नाही.

सपाट टप्पे ठेवा. पण शेवटचे पाच किलोमीटर रुंद, सरळ, दुभाजकांची बेटं आणि गोल चौक नसलेले ठेवा. नाहीतर ठेवू नका.

वाराफोडी (सकाळी 8:02)

ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. रस्त्याबद्दल शंभर टक्के सहमत.

जुनी_हीरो (सकाळी 9:30)

आज शिनाँ ते शातोरू आहे. शातोरू म्हणजे स्प्रिंटर कॅव्हेंडिशचं गाव म्हणा हवं तर. 2008 मध्ये टूरमधला पहिला विजय तिथे, मग 2011, मग 2021. गेल्या वर्षी 39 व्या वर्षी त्याने 35 वा टप्पा जिंकला आणि मेर्क्सचा 1975 पासूनचा 34 चा आकडा मागे टाकला. घाटवेडा, तुम्हाला घाट आवडतात ना? मग हे बघा. त्या टूरच्या पहिल्याच दिवशी उन्हात त्याला ओकाऱ्या होत होत्या. 2 जुलैला त्याने गालिबिए हा आल्प्समधला उंच घाट पार केला, वेळेच्या मर्यादेत. 3 जुलैला सें-व्हुलबासला जिंकला. डोंगर न चढणारा माणूस डोंगर चढतो, तो त्या एका सपाट दुपारसाठी. सपाट टप्पे काढलेत तर तो गालिबिएला येईलच कशाला? मग घाटात मागे रडतकुढत येणाऱ्या स्प्रिंटर्सचा तो जथा नाही आणि निम्मी मजा गेली.

घाटवेडा (सकाळी 10:15)

काका, हा मुद्दा आवडला. तरी दोन पुरेत.

वाराफोडी (संध्याकाळी 6:25)

टीव्ही लावा. आत्ता. सुरुवातीपासून फिलिप्सेनच्याच संघातले व्हान डर पूल आणि रिकार्ट सुटलेत. दोघेच. 174 किलोमीटर.

लेन_नंबर_दोन (संध्याकाळी 6:31)

वेडे आहेत.

घाटवेडा (संध्याकाळी 7:48)

पाच मिनिटांच्या वर गेले होते. आता कमी होतंय. भजी थंड झाली.

गेंटमधून (रात्री 8:20)

रिकार्टचं टूरच्या व्यासपीठावर उभं राहायचं स्वप्न होतं म्हणे, त्यासाठी हा सगळा घाट घातलाय. (कोटी अनवधानाने झाली, घाटवेडा.) सहा किलोमीटर उरले असताना तो मागे पडला. पुढे व्हान डर पूल एकटा.

वाराफोडी (रात्री 8:30)

सातशे मीटर उरले असताना पकडलं!! फक्त सातशे!!

घाटवेडा (रात्री 8:58)

बरं. हात कापत होते हे कबूल करतो. मर्लिए जिंकला, पण त्याच्याकडे कुणी बघितलं? तासाला 50.013 किलोमीटर, टूरच्या इतिहासातला दुसरा सर्वांत वेगवान टप्पा.

पण हा अपवाद आहे. फिलिप्सेन शर्यतीत असता तर व्हान डर पूल त्याला ओढत बसला असता. एका अपवादासाठी सहा लाव्हाल सहन करायचे?

जुनी_हीरो (रात्री 9:10)

पहिल्या क्रमांकाचा वेगवान टप्पा कुठून सुटला होता ठाऊक आहे? लाव्हालहूनच. 1999, लाव्हाल ते ब्ल्वा, तासाला 50.355 किलोमीटर, जिंकला चिपोलिनी.

वाराफोडी (रात्री 9:22)

आणि सातशे मीटरवर तुमचा श्वास का अडकला? कारण घोळका पकडतोच, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. ते कालच्यासारख्या दुपारींनी शिकवलंय. रोज पळणारे जिंकले असते तर आज तुम्ही भजी गरम खाल्ली असती.

नर्स_ऑन_व्हील्स (रात्री 9:40)

मला तरी कुणी पडलेलं दिसलं नाही. माझ्याकडून आजच्या टप्प्याला पूर्ण गुण.

घाटवेडा (रात्री 10:05)

ताई, तुमचा युक्तिवाद म्हणजे उपास घडावा म्हणून आधी उपाशी ठेवायचं. पटत नाही. फार तर दोनाचे तीन करतो, त्यावर नाही. उद्या मासिफ सेंट्राल आहे, चढावर चढ, मी तिकडे खूश.

गेंटमधून (रात्री 10:12)

आणि बुधवारी तुलूज. कागदावर सपाट.

घाटवेडा (रात्री 10:14)

शेवटी ती उभी चढण आहे ना? पेश डाव्हीदची?

गेंटमधून (रात्री 10:15)

आहे.

घाटवेडा (रात्री 10:16)

मग त्याला सपाट म्हणूच नका. बेसन आणून ठेवतो.